दारावरचा बिल्ला

घनफळाचा पाठ शिकवताना आम्ही शिक्षक मुलांना नेहमी एक उदाहरण घालतो. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच असेल, तर तिचे घनफळ किती? उत्तर येते नऊशे घनफूट. पण त्या नऊशे घनफुटांत माणसे किती राहावीत, हा पुढचा प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो. तो कायद्याने विचारणाऱ्या आरंभीच्या शहरांपैकी स्कॉटलंडमधील ग्लासगो हे एक होय. भाड्याच्या घरांना किमान मर्यादा घालून तिची तपासणी करू पाहणाऱ्या या शहराचा अनुभव आजही विचार करण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात कापडाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि जहाजबांधणी यांमुळे ग्लासगो झपाट्याने वाढले. डोंगराळ मुलखातून आणि आयर्लंडमधून माणसे लोटली. जुनी मोठी घरे मालकांनी फळ्या ठोकून विभागली आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब भरले. टायफस व पटकी यांच्या साथी वरचेवर येऊ लागल्या. तेव्हा १८६२ च्या कायद्याने तीन खोल्यांपर्यंतच्या लहान घरांची मोजदाद सुरू झाली. ज्या घराचे घनफळ दोन हजार घनफुटांच्या आत भरे, त्याच्या दारावर धातूचा एक बिल्ला ठोकला जाई. घराचे घनफळ किती आणि आत किती माणसे राहू शकतात, हे त्यावर कोरलेले असे. प्रत्येक प्रौढामागे तीनशे घनफूट आणि लहान मुलामागे त्याच्या निम्मे, असे ते प्रमाण होते. म्हणजे आमच्या उदाहरणातील खोलीत तीन प्रौढ आले, की हिशेब संपला. १८९० मध्ये तीनशेचे चारशे झाले.

नियम शहाणपणाचा होता. तपासणीची रीत मात्र विलक्षण होती. माणसे झोपलेली सापडावीत म्हणून तपासनीस रात्री येत. दारावर थाप पडली, की जादा माणसे कपाटात, पलंगाखाली, प्रसंगी छपरावरही लपत. जो सापडे त्याच्या पायी दंड होई, आणि तो भरावा लागे भाडेकरूला! ज्याने एका घराची चार घरे करून चौघांचे भाडे घेतले, तो मालक आपल्या घरी निवांत झोपलेला असे. भाडेकरू तरी परका माणूस आपल्या खोलीत हौसेने का घेत होता? मजुरी अनियमित होती आणि भाडे मात्र ठरलेले होते; पोटभाडेकरू घेतल्यावाचून ते भरता येत नव्हते.

१८७२ पासून १८९८ पर्यंत तेथे आरोग्याधिकारी असलेले डॉ. जेम्स रसेल यांनी हे दुःख ओळखले होते. १८८८ मधील एका व्याख्यानात त्यांनी एका खोलीतील जिणे लोकांपुढे मांडले. शहरातील सुमारे चौथा हिस्सा माणसे अशा एकखणी घरांत राहत होती. घरात मूल दगावले, तर त्याचे कलेवर ठेवण्यास दुसरी जागा नसे. भावंडे त्याच खोलीत जेवत, खेळत आणि झोपत. अशा घराला बिल्ल्याने काय दिलासा मिळणार?

मग घरेच पाडावीत, असा विचार पुढे आला. १८६६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने जुनी वस्ती विकत घेऊन पाडण्यास आरंभ केला. नवी घरे खाजगी बांधणाऱ्यांनी उभारावीत, अशी अपेक्षा होती. पण १८७८ मध्ये ग्लासगोची एक मोठी पेढी बुडाली आणि बांधकाम थंडावले. उठवलेली माणसे शेजारच्या खोल्यांत दाटली. अखेर १८८८ च्या सुमारास मंडळाला स्वतःच घरे बांधण्यास हात घालावा लागला.

ही हकीकत आपल्याला परकी नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला, आणि गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या डॉ. व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत जे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले, ते ग्लासगोच्याच नमुन्यावर. माणसांनी राहण्यास अयोग्य, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे मुंबईतील घरांवर रंगवली गेली. पुण्यात १८९७ साली घरोघर सोल्जर शिरले. त्यातून उसळलेला संताप कोठवर गेला, हे सर्वांस ठाऊक आहेच. तपासणीचा हेतू आरोग्याचा असला, तरी राहणाराच गुन्हेगार ठरला, की ती जुलूम वाटू लागते.

याच्या उलट एक गोष्ट इंदूरची आहे. स्कॉटलंडचेच नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी अहवाल लिहिला. तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची धास्ती होती. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त होतील, तेथून दिवाळीची मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, रंगवली आणि उंदीर पकडले. सरसकट पाडापाडीपेक्षा जपून केलेली दुरुस्ती बरी, हा गेडीस यांचा आग्रहच होता.

तथापि केवळ उत्साहाने गळके छप्पर दुरुस्त होत नाही. त्याचा खर्च मालकाचा आहे. तो त्याच्याकडून करवून घ्यायचा, तर भाडेकरूला निर्भयपणे बोलता आले पाहिजे. १९१५ मध्ये मेरी बार्बर आदी स्त्रियांच्या पुढाकाराने ग्लासगोच्या हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि त्याच वर्षी भाडी गोठवणारा कायदा झाला. पुढे १९६९ मध्ये स्कॉटलंडने घराचे किमान प्रमाण कायद्याने ठरवले. २००६ पासून खाजगी घरमालकांची नोंदणी होते. दुरुस्ती होत नसल्यास भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. आणि २०१७ च्या अखेरीपासून केलेल्या करारांत कायद्याने मान्य कारणावाचून त्याला घराबाहेर काढता येत नाही. भाडेकरूच्या दारावरच्या बिल्ल्यापासून मालकाच्या नावाच्या नोंदवहीपर्यंत यायला जवळजवळ दीड शतक लागले.

श्रोतेहो, हवा, उजेड, पाणी आणि शौचकूप यांचे प्रमाण ठरवणे कठीण नाही. ते शाळेतल्या मुलालाही समजेल. आपल्या गावात अशा नियमांची चर्चा निघेल, तेव्हा दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. नियम मोडला, तर दंड कोणाला? आणि घर बंद केले, तर त्यातील माणसे त्या रात्री झोपणार कोठे? यांची उत्तरे ज्या नियमात नाहीत, तो नियम ग्लासगोच्या त्या बिल्ल्याहून फारसा निराळा नाही.