शोषण उष्मापंप

शोषण उष्मापंप : कारखान्यात वाया जाणारी कोमट उष्णता उचलून ती कामाच्या तापमानाला चढवणारे यंत्र. वीज लागते ती फक्त आतले छोटे पंप फिरवण्यापुरती. बाकी सगळे उष्णतेच्याच जोरावर चालते. आपल्याकडे याचा थंड पाणी देणारा प्रकार, म्हणजे ‘व्हॅम’, जास्त परिचयाचा आहे.

यंत्राच्या निर्वात भांड्यात पाणी आणि लिथियम ब्रोमाइडचे द्रावण असते. वातावरणाच्या सुमारे 1/24 दाबाला पाणी 30° से.लाच उकळते, त्यामुळे 35–40° से.चे टाकाऊ पाणीही त्याची वाफ करू शकते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओल धरते, तसे तीव्र द्रावण ही वाफ शोषते आणि तापते. हीच उष्णता उपयोगाची. पातळ झालेले द्रावण ‘जनित्र’ नावाच्या भांड्यात बॉयलरच्या वाफेने उकळून पुन्हा तीव्र करतात. तिथे सुटलेली वाफ संघनित होताना पाणी आणखी तापवते.

उष्मापंपाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बॉयलरची 100 एकके आणि टाकाऊ सुमारे 70 एकके मिळून 80–90° से.च्या पाण्यात 170 एकके मिळतात. दुसरा प्रकार, उष्णता-रूपांतरक, नवी वाफ मागतच नाही. तो 80–100° से.च्या टाकाऊ उष्णतेपैकी निम्म्याहून थोडी कमी उष्णता 120° से.च्या पुढे नेतो आणि उरलेली कूलिंग टॉवरमधून सोडून देतो. जपानमध्ये 1980 च्या दशकात अशी यंत्रे उद्योगांत बसली.

या दुसऱ्या प्रकाराला मुंबईची हवा मानवत नाही. दमटपणामुळे कूलिंग टॉवरचे पाणी 32° से.च्या आसपास धरावे लागते आणि ते जितके गरम, तितकी तापमानाची चढण कमी. थंड देशांत पहिल्या प्रकाराचे पाणी घरे तापवायलाही जाते. इथे ते गिऱ्हाईक नाही. उपयोग शोधायचा तो प्रक्रियेतच. उदाहरणार्थ, मुंबईतल्या कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, पश्चिमेला चारकोपची औद्योगिक वसाहत. वाहन उद्योगात रंगकामाआधी पत्रा धुण्याच्या आणि फॉस्फेटिंगच्या टाक्या 45–60° से.वर ठेवाव्या लागतात, तर कॉम्प्रेसर थंड करणारे पाणी टॉवरवर जाऊन आपली उष्णता हवेत उधळते. पहिल्या प्रकाराची जागा या दोहोंच्या मधे आहे. लहान गाळ्यांना मात्र हे यंत्र परवडणारे नाही : ते अवजड असते आणि वर्षभर सलग चालले तरच पैसे वसूल होतात.

महाराष्ट्रात पुण्याची थरमॅक्स ही कंपनी शोषण यंत्रे आणि उष्मापंप बनवते. 1966 साली ती वॉन्सन (इंडिया) या नावाने सुरू झाली. आजचे नाव 1980 मधले.

देखभालीत शत्रू दोन. एक हवा : बारीक गळतीनेही निर्वात बिघडते आणि पोलाद गंजते. दुसरा शत्रू म्हणजे स्फटिकीभवन. द्रावण फार तीव्र होऊन थंड झाले की नळीत मिठासारखे गोठते. म्हणून बंद करण्याचे बटण दाबल्यावरही यंत्र लगेच थांबत नाही. द्रावण पातळ होईपर्यंत पंप काही मिनिटे फिरत राहतात. वीज अचानक गेली तर ही सवड मिळत नाही, आणि मग ऑपरेटरला ती नळी बाहेरून शेकत बसावे लागते.