जुन्या तबकडीचे मोल

ध्वनिमुद्रिका जुनी म्हणून मौल्यवान ठरत नाही. लाखेच्या असंख्य तबकड्या आजही कवडीमोलाने विकल्या जातात. मोल येते ते उरलेल्या प्रतींच्या संख्येमुळे. अमेरिकेतील ‘पॅरामाउंट’ कंपनीने १९३०च्या सुमारास मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर काढली. मंदीत खप आटला, कंपनी बंद पडली आणि धातूचे मूळ साचे भंगारात गेले. ती गाणी आता ऐकायची, तर कुणाच्या तरी घरात टिकून राहिलेली तबकडीच हवी.

टॉमी जॉन्सन या गायकाच्या ‘अल्कोहोल अँड जेक ब्लूज’च्या दोनच प्रती ज्ञात होत्या. त्यांपैकी एक २०१३ मध्ये ‘ईबे’वर लिलावास आली. जॉन टेफ्टेलर या संग्राहक-व्यापाऱ्याने ती ३७,१०० डॉलरना घेतली. दुसरी, पार झिजलेली प्रत आधीपासून त्याच्याकडेच होती!

अशा लिलावात प्रत्येक जण आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि संगणक त्याच्या वतीने प्रतिस्पर्ध्याहून जेमतेम वरचढ बोली लावत जातो. साहजिकच अंतिम किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या आकड्यावरून. म्हणूनच मुरलेले संग्राहक अखेरच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतात. प्रतिस्पर्ध्याला आकडा वाढवण्याची उसंतच मिळत नाही.