ओहोटी, १८५८

समुद्र मागे सरतोय आणि त्याच्याबरोबर वर्षंही. पायांखालची वाळू निसटते, तुम्ही डोळे उघडता तेव्हा इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर, टॉर्कीजवळच्या ऑडिकोम्बला उभे असता. साल १८५८, सप्टेंबरातली पौर्णिमा. मागे तांबडे कडे. पुढे एरवी पाण्याबाहेर न येणारे खडक आज उघडे पडलेत. जपून पाय टाका, शेवाळ निसरडं आहे.

कंबरभर पाण्यात उभे असलेले गृहस्थ म्हणजे निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस. काठावर त्यांचा मुलगा एडमंड, नऊ वर्षांचा. टोपलीत रुंद तोंडाच्या बरण्या, हातोडा, छिन्नी.

तुम्ही शेजारच्या कुंडाशी ओणवे व्हा. काठचं लोंबतं शेवाळ अलगद बाजूला सारा. पाण्यावर सावली पाडू नका. थांबा.

तो गडद लाल, बुळबुळीत गोळा पाण्याखाली हळूहळू उमलतो. बोटभर रुंदीचं फूल, पण प्राण्याचं : समुद्रफूल. बाहूंच्या मुळाशी निळ्या मण्यांची माळ दिसते ना? दुसरं समुद्रफूल फार जवळ सरकलं की हे मणी फुगतात आणि शेजाऱ्याला डंख बसतो. जागेसाठी भांडण इथेही आहे.

वर खडकावर पांढुरके खवले : बार्नाकल. पाणी आलं की कवचाची दारं उघडतात, पिसांसारखे पाय बाहेर येतात, पाण्यातून घास ओढून आत जातात. यांच्या अभ्यासात डार्विनची आठ वर्षं गेली. ते काम संपून चारच वर्षं झालीत. त्यांच्यामधली ती शंकूच्या आकाराची लिम्पेट भरतीत शेवाळ खरवडत फिरते आणि ओहोटीआधी आपल्याच खाचेत परतते. कवचाची कड तिथे अचूक बसते.

एक दगड उचला. खाली चपटा, केसाळ खेकडा दगडालाच बिलगलाय.

ठक्. छिन्नीचा आवाज. समुद्रफुलासकट खडकाचा टवका बरणीत पडतो. गॉस यांना या जिवांत ईश्वराची करणी दिसते. ती सर्वांनी पाहावी ही त्यांची तळमळ. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांची पुस्तकं वाचून घराघरांत काचेच्या टाक्या आल्या आणि किनाऱ्यावर टोपल्या घेतलेली माणसं.

डोळे मिटा. १९०७. पन्नाशी उलटलेला एडमंड ‘फादर अँड सन’ या आठवणींत लिहून ठेवतो की लहानपणीची ती कुंडं आता उरली नाहीत, गोळा करणाऱ्यांनी ती ओरबाडून नेली. वडिलांनाही जिवंतपणीच ते उमगलं होतं आणि जिव्हारी लागलं होतं. किनाऱ्यावर इतका जीव लावणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं!

डोळे उघडा. घोट्याला पाणी लागतंय. भरती सुरू झाली. तुमच्या हातात तो दगड अजून तसाच आहे, त्याची खालची ओली बाजू वाऱ्याने सुकू लागलीय.

होता तिथेच ठेवा. ओली बाजू खाली. हळूच, खेकडा चिरडेल.