भूमिकाक्रीडेचा आभासी पट : निवडीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

पुणे–सोलापूर मार्गावर यवतच्या परिसरात भांडगाव हे दौंड तालुक्यातील गाव आहे. तेथून ये-जा करून आमच्या विभागात पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो प्रथमदर्शनी इतिहासाचा नव्हता. तो व त्याचे चार मित्र दर शनिवारी रात्री संगणकाच्या साहाय्याने अद्भुतकथेचा एक खेळ खेळतात. मित्रांपैकी एक पुणे शहरात, एक सोलापुरास आणि दोघे परदेशी आहेत. दोन वर्षे चाललेला त्यांचा डाव ज्या सेवेवर मांडलेला होता ती सेवा बंद पडली, आणि नकाशे, पात्रांची टिपणे, झालेल्या संवादांची नोंद असे सर्वच नाहीसे झाले. त्या सेवेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. “सर, आता पट कोणता घ्यावा?” असे त्याने विचारले. दफ्तर नष्ट झाले म्हणून हळहळणारा मनुष्य इतिहासाच्या विभागात आला, तर त्याला परत पाठविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे काहीसे लांबलेले उत्तर होय.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी प्रथम त्याचे स्वरूप सांगितले पाहिजे. पाच-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांतील एक जण कथेतील जग, त्यातील दुर्ग, भुयारे, राक्षस व सामान्य माणसे ह्यांचा भार वाहतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते, हे तोंडाने सांगतो. कृती सफल झाली की नाही ह्याचा संशय असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. इंग्रजीतील ‘रोलप्लेइंग गेम’साठी येथे ‘भूमिकाक्रीडा’ हा शब्द योजिला आहे. जगाचा भार वाहणाऱ्यास ‘सूत्रधार’ म्हटले आहे आणि दूरदूर असलेल्या खेळाडूंसाठी नकाशा, सोंगट्या व फासे पडद्यावर आणणाऱ्या साधनास, म्हणजे ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ला, ‘आभासी पट’. ‘सूत्रधार’ हा शब्द संस्कृत नाटकातून घेतला असला, तरी येथील सूत्रधार प्रस्तावनेनंतर निघून जात नाही, तो अखेरपर्यंत रंगभूमीवर असतो. एवढा भेद ध्यानात ठेवावा.

आता, पटावर खेळावयाचे खेळ आपणांस नवे नाहीत. बुद्धिबळ, सारीपाट आणि ज्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले आहे तो मोक्षपट, हे सर्व आपल्या परिचयाचे आहेत. औरंगाबादचे हरिकृष्ण ह्यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचून अशा अनेक खेळांची नोंद केली, हेही अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु ह्या पटांचा एक धर्म सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो असा की, हे पट उघडे आहेत. बुद्धिबळात प्रतिपक्षाचा हेतू गुप्त असेल, पण त्याचा हत्ती गुप्त नसतो. मोक्षपटावर तर कोणत्या घरात कोणता गुण व कोणता दोष हे घराघरांत लिहिलेलेच असते, आणि कवड्या पडण्यापूर्वी साप कोठे आहे हे सर्वांस दिसते. गुप्तता पाहावयाची असेल तर सावंतवाडीच्या गंजिफाकडे वळावे लागते. तेथे प्रत्येकाची पाने त्याच्या हातात झाकलेली असतात. मात्र तेथेही सर्व काही जाणणारा असा कोणी नसतो, झाकलेले ज्ञान खेळणाऱ्यांतच वाटलेले असते.

भूमिकाक्रीडेचा पट ह्या दोहोंहून निराळा आहे. येथे एक जण सर्व जाणतो आणि इतरांस थोडेथोडे दाखवितो. ह्या पटाचा उगम खेळघरात नसून प्रशियाच्या सैन्यात आहे. फोन राइसविट्झ ह्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा ह्याच्यापुढे युद्धाचा एक पट सादर केला. जमिनीचे चढउतार दाखविणारे तुकडे हवे तसे जुळवून त्यावर रणभूमी उभी करता येत असे. तो मेजावरचा देखणा पट राजवाड्यात राहिला. पुढे त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये जे नियम प्रसिद्ध केले त्यांत मेज गेले आणि एकास आठ हजार ह्या प्रमाणाचा कागदी नकाशा आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंच आला. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. कोणाची पलटण कोणास दिसते हे पंच ठरवी आणि जी दिसेल तिचीच सोंगटी नकाशावर ठेवी. मारा किती लागला ह्याचा निर्णय फासे व कोष्टके ह्यांवरून होई. पुढे कोष्टकांचा जाच इतका वाढला की, १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्याने कोष्टके व फासे बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सर्व भार टाकावा असे सुचविले. नियम यंत्रासारखे चालवावेत की जाणत्या माणसाच्या हाती सोपवावेत, हा आज आभासी पटांविषयी चाललेला वाद अशा रीतीने दीडशे वर्षांचा जुना आहे.

तेथून अमेरिकेतील मिनेसोटापर्यंतचा प्रवास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये डेव्हिड वेसली ह्याने युद्धक्रीडेतील प्रत्येक खेळाडूस पलटणीऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन ह्याने ती कल्पना अद्भुताच्या प्रांतात नेली. आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स ह्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. ह्या पुस्तिकांबरोबर पट नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सूत्रधाराने चौकटीच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढून तो आडोशाआड ठेवावयाचा, आणि खेळाडूंनी त्याच्या तोंडून ऐकून आपला नकाशा आपण काढावयाचा, अशी पद्धत होती. खेळाडूंचा नकाशा चुकला तर तो चुकलेलाच राहत असे आणि त्यातही एक गंमत होती. अर्थात्, मूळ पट शब्दांचा होता.

ह्या ठिकाणी भांडगावची आठवण पुन्हा काढावीशी वाटते. गावापासून जवळच असलेले चौफुला हे कलाकेंद्रांमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. तमाशातील वग ज्यांनी पाहिला असेल त्यांस शब्दांचा पट म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. उमा बाबाजी सावळजकर ह्यांच्या १८६५ मधील ‘मोहना-बटाव’पासून वगाचा आरंभ मानला जातो. त्याची रीत अशी की, कथानकाचा सांगाडा ठरलेला असावा आणि संवाद नटांनी आयत्या वेळी रचावेत. नेपथ्य नाही. रंगमंचावर एक फेरी मारली की पात्र एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचते, आणि ‘हा राजवाडा’ म्हटले की राजवाडा उभा राहतो. वगापासून भूमिकाक्रीडा निघाली असे कोणी समजू नये. तसा संबंध मुळीच नाही. मात्र ज्या समाजाचा कान ह्या रीतीने तयार झालेला आहे, त्याने आपल्या खेळासाठी साधन निवडताना चित्राच्या झगमगाटावर भाळून जाण्याचे कारण नाही, एवढेच सुचवावयाचे आहे.

आभासी पटांचा इतिहास आता पंचवीसएक वर्षांचा झाला. ‘फँटसी ग्राउंड्स’ हा फिनलंडमध्ये तयार झालेला पट २००४ मध्ये निघाला. तो आपल्या यंत्रावर बसवावयाचा असे. ‘मॅपटूल’ विनामूल्य असून त्याची संहिताही सर्वांस खुली आहे. ‘रोल२०’ हा २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला व ब्राउझरमध्ये चालू लागला. काहीही न बसविता खेळता येते हा त्याचा मोठा गुण. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित आढळले, त्या महिन्याच्या अखेरीस सारा देश घरात बसला, आणि जे मेजाभोवती जमत असत त्यांपैकी अनेक जण पडद्याकडे वळले. त्याच वर्षी २२ मे रोजी ‘फाउंड्री’ प्रसिद्ध झाला. तो एकदाच विकत घ्यावयाचा, तोही केवळ सूत्रधाराने, आणि आपल्या यंत्रावरून वा भाड्याच्या यंत्रावरून चालवावयाचा. ‘औलबेअर रोडिओ’ हाही त्याच वर्षीचा. नकाशा, सोंगट्या व फासे ह्यांपलीकडे तो फारसे काही करू पाहत नाही.

ह्या साधनांनी सूत्रधाराचे काम हळूहळू आपल्याकडे घेतले. भिंती कोठे हे एकदा आखून दिले की, कोणत्या पात्रास काय दिसते हे यंत्र मोजते आणि उरलेला नकाशा काळा ठेवते. राइसविट्झच्या पंचाचे ते मुख्य काम. फासे यंत्र टाकते, बेरीज यंत्र करते, जखम यंत्र मांडते. सोय मोठी आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु जे सर्व जाणतो तो आता सूत्रधार एकटा नव्हे. त्याच्या मागे आणखी एक जाणणारा उभा आहे, आणि तो बहुधा एक कंपनी आहे. आमच्या मते निवडीचा खरा प्रश्न येथे आहे: झाकलेला नकाशा व झालेल्या डावाची नोंद ही कोणाच्या घरात राहणार?

ही शंका अकारण नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे स्वामित्व ज्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’कडे आहे, तिने २००८ मध्ये खेळाच्या चौथ्या आवृत्तीबरोबर स्वतःचा आभासी पट देऊ केला, तो चाचणीच्या अवस्थेतच राहून २०१२ मध्ये बंद झाला. तिचाच ‘सिगिल’ हा त्रिमिती पट २०२५ मध्ये लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांस कमी करण्यात आले. मूळ खेळाच्या मालकाचा पट म्हणून तो टिकाऊ असेल, हा तर्क दोन्ही वेळा खोटा ठरला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने परवान्याचा जो मसुदा पुढे केला, त्यात इतरांच्या आभासी पटांनी काय दाखवावे ह्यावरही मर्यादा घातल्या होत्या: जादूचा बाण पडद्यावर उडताना दाखविला तर तो मेजावरचा खेळ राहत नाही, असा काहीसा त्याचा रोख होता. खेळाडूंच्या विरोधामुळे मसुदा मागे घेतला गेला आणि २७ जानेवारीस मूळ नियमांचा गाभा सार्वजनिक परवान्याखाली मुक्त झाला. नोंद दुसऱ्याच्या घरी असण्याचा आणखी एक धोका ‘रोल२०’च्या बाबतीत दिसला, सुमारे ४० लाख खातेदारांची माहिती चोरीस गेल्याचे फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झाले.

मग आपल्या यंत्रावरचा पट घेतला की प्रश्न मिटला, असे म्हणावे काय? तसेही नाही. ‘फाउंड्री’तील नोंदी पूर्वी साध्या मजकुराच्या धारिकांत असत, कोणीही त्या उघडून वाचाव्यात. २०२३ मधील अकराव्या आवृत्तीपासून त्या अशा कोठारात जातात की, वेगळी प्रत काढल्यावाचून त्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. त्या मानाने ‘फँटसी ग्राउंड्स’ व ‘मॅपटूल’ ह्यांच्या नोंदी अजून वाचनीय म्हणाव्यात. मोडी लिपीचे ज्ञान ओसरल्यावर दफ्तरे शाबूत असूनही मुकी झाली, हा अनुभव आपणांस आहेच. ह्याउलट, त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा बुद्धिबळातील स्थितींचा संग्रह १८१४ मध्ये मुंबईस इंग्रजीत छापला गेला. त्यातील स्थिती आज कोणीही पटावर मांडू शकतो, कारण कागद व सोंगट्या ह्यांवाचून तिला कशाची अपेक्षा नाही.

लिपीचा मुद्दा मराठी खेळाडूंस विशेष जाचतो आणि इंग्रजी परीक्षणांत तो कोठेच सापडत नाही. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पटांस अक्षरांची जोडणी ब्राउझरकडून आयती मिळते. स्वतंत्र चित्रयंत्रावर बांधलेल्या पटांत मात्र पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसणे, जोडाक्षर फुटून हलन्त दिसणे, असे प्रकार होऊ शकतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘किल्लेदार’, ‘भिंत’, ‘मूर्च्छित’ असे चार शब्द नकाशावर, पात्राच्या टिपणात व संवादाच्या जागी लिहून पाहावेत. ह्या परीक्षेस पाच मिनिटे लागतात.

भांडगावच्या आमच्या विद्यार्थ्याने अखेर ‘फाउंड्री’ घेतला. पहिली अडचण जाळ्याची आली. घरगुती वा मोबाइल जोडणीत अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे बाहेरच्या मित्रांस त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचताच येईना. दुसरी विजेची, वीज गेली की पट जातो आणि पाचही जणांचा डाव थांबतो. शेवटी महिन्याच्या भाड्याने एक दूरस्थ यंत्र घ्यावे लागले. म्हणजे घर पुन्हा परक्याचेच झाले, मात्र किल्ली ह्याच्याकडे आहे आणि सामान केव्हाही हलविता येते. दृष्टी मोजण्याची सोय त्यांनी बंद ठेविली आहे. अंधारात काय आहे ते सूत्रधार सांगतो. दर रविवारी सकाळी तो झालेल्या डावाचा वृत्तान्त साध्या मजकुरात, मराठीत, लिहून काढतो व त्याची एक प्रत सोलापूरच्या मित्राकडे जाते. त्यांतील पहिले अकरा वृत्तान्त त्याने आम्हांस वाचावयास दिले. आठव्यात तारीख घालावयाची राहिली आहे, ती घालण्यास त्यास सांगितले आहे.