तारण म्हणजे गहाण की पैलतीर? ईस्टरच्या मराठी शब्दांची गोष्ट

सोलापुरात 'तारण' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शुक्रवार पेठेतून चालत निघालात तर कुठल्या ना कुठल्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' दिसणारच. दागिना ठेवा, पैसे घ्या, हप्ते फेडा, दागिना सोडवून आणा. याच शहरातल्या चर्चमध्ये ईस्टरच्या सकाळी हाच शब्द ऐकू येतो, पण तिथे तो 'तारणारा', 'देवाची तारणाची योजना' असा येतो. मराठीत मोक्ष, मुक्ती, उद्धार असे जुने, वजनदार शब्द तयार असताना ख्रिस्ती भाषांतरकारांनी नेमका हा शब्द का धरला?

माझं संशोधन एकोणिसाव्या शतकातल्या मराठी परिभाषेवर आहे. पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे सुरुवात झाली ती विज्ञानाचे शब्द मराठीत कसे रुळले इथून. पण त्या काळची छापील पानं चाळताना विज्ञान आणि धर्म वेगळे काढताच येत नाहीत. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'मध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत. पुढे हेच मिशन सोलापुरातही आलं. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: नव्या कल्पनेला जुना शब्द द्यायचा, की नवा घडवायचा? जुना दिला तर लोकांना पटकन कळतो, पण तो आपला जुना अर्थही सोबत घेऊन येतो.

आधी ईस्टर काय आहे ते थोडक्यात पाहू. इ.स. 30 च्या सुमारास यरुशलेममध्ये रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने येशूला क्रुसावर मारलं, आणि तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. संत पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्पष्टच सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट आहे. म्हणजे नाताळ मोठा दिसत असला तरी धर्म उभा आहे तो ईस्टरवर.

हे घडलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून हा सण वसंतातल्या पौर्णिमेला येतो. म्हणून ईस्टरही चंद्राबरोबर फिरतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा त्याचा नियम. ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकातली असते, आकाशात पाहून ठरवलेली नसते. त्यामुळे तारीख 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडते. पंचांग पाहणाऱ्या घराला हे नवीन वाटायचं कारण नाही. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला होती आणि ईस्टर 20 एप्रिलला.

आता 'वल्हांडण' हा शब्द पाहा. त्यात ओलांडणं आहे. मिसरमध्ये मृत्यू इस्राएली लोकांची घरं ओलांडून पुढे गेला, अशी मूळ कथा. हिब्रूतल्या 'पेसाह'चं ग्रीकमध्ये 'पास्का' झालं, आणि पोर्तुगिजांमार्फत तो शब्द गोव्याच्या कोकणीत ईस्टरसाठी रुळला. मराठी बायबलने मात्र परका शब्द न घेता अर्थच उचलला. 'तारण'चंही तसंच. 'तॄ' या धातूत पार जाणं आहे. तरणं, तारू, तीर्थ हे सगळे त्याच घरातले. भवसागर तरून जाणं ही वारकऱ्यांची रोजची भाषा. म्हणजे मराठी ईस्टरचे दोन महत्त्वाचे शब्द, वल्हांडण आणि तारण, दोन्ही ओलांडण्याचे आहेत.

मग 'मोक्ष' का नको? साष्टीत चारशे वर्षांपूर्वी या अडचणीला पहिल्यांदा हात घातला तो फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो 1579 मध्ये गोव्यात आला. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळं पाडली होती, जुन्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या होत्या. पुराणं गेली, तर त्यांच्या जागी आम्हाला काय, असं नवे ख्रिस्ती विचारत होते. त्याचं उत्तर म्हणून 1616 मध्ये रायतूर इथे 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. ओव्या जवळजवळ अकरा हजार. त्यात स्वर्गासाठी स्टीफन्स बेधडक 'वैकुंठ' म्हणतो. ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटलं पाहिजे, हा त्याचा हिशेब.

तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी उलटी वाट धरली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करत होत्या. संस्कृतवर त्यांची हुकमत होती, म्हणूनच शब्दांच्या मागे कोणतं तत्त्वज्ञान उभं असतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. वेदान्ताचा वास असलेले शब्द टाळून साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. 1922 मध्ये त्या गेल्या. भाषांतर 1924 मध्ये, केडगावच्याच छापखान्यात छापून, प्रसिद्ध झालं. गंमत अशी, की संस्थेचं नाव मात्र त्यांनी 'मुक्ती' ठेवलं होतं. पूर्ण कोरा शब्द कुणालाच मिळत नाही.

तरी त्यांचा मुद्दा खरा होता. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. देह तिथे मागे राहतो. ईस्टरचा दावा वेगळ्या दिशेचा आहे. कबर रिकामी आहे, उठलेल्या येशूच्या अंगावर खिळ्यांचे वण आहेत, तो शिष्यांसमोर मासा खातो. इथे देहापासून सुटका नाही, देहाचीच सुटका आहे. म्हणून 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' यांची गल्लत झाली की सगळंच बिघडतं. पुनर्जन्मात जुना देह जातो आणि दुसरा येतो. पुनरुत्थानात तोच माणूस उठतो, पुन्हा न मरण्यासाठी. ग्रीक मूळ शब्द 'अनास्तासिस', अर्थ अगदी साधा: उठून उभं राहणं.

आता पुन्हा गहाणाकडे येऊ, कारण तो अर्थही ख्रिस्ती विचारात आहेच. येशूने आपला जीव 'लूट्रॉन' म्हणून दिला असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. 'लूट्रॉन' म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवायची किंमत. मराठी बायबलने तिथे 'खंडणी' हा मराठेशाहीतला शब्द घेतला. आज तो वाचला की डोळ्यासमोर गुंड येतात, तो भाग वेगळा. पण किंमत दिली, तर ती कुणाला? तिसऱ्या शतकात ओरिजेन म्हणाला, सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने हरकत घेतली की लुटारूला एवढी किंमत कशासाठी मिळावी? 1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने मांडलं की माणसाने देवाचा मान बुडवला, ते ऋण माणसाला फेडता येईना, म्हणून देवानेच माणूस होऊन ते फेडलं. बाराव्या शतकात आबेलारला क्रुसात वसुली दिसत नव्हती. त्याला तिथे माणसाला बदलून टाकणारं प्रेम दिसलं.

या वादात मला एक गोष्ट लक्षात येते. गहाणाच्या हिशेबात गुड फ्रायडे बसतो, ईस्टर बसत नाही. कर्ज फिटलं, पावती मिळाली, विषय संपला. भरलेली रक्कम तिसऱ्या दिवशी परत येत नाही. इथे मात्र ज्याने जीव दिला तोच जिवंत होऊन पुढे उभा आहे. त्यासाठी 'तारण'चा दुसरा अर्थ लागतो: जो आधी पैलतीरी पोचला आणि मग बाकीच्यांना न्यायला आला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भर याच अर्थावर आहे, मृत्यूवरच्या विजयावर. तारण या शब्दात दोन्ही अर्थ राहतात. मोक्षात पहिला बसत नाही आणि खंडणीत दुसरा.

'योजना' या शब्दामागेही एक ग्रीक शब्द आहे, 'ओइकोनोमिया'. मूळ अर्थ घराचा कारभार, म्हणजे आपल्या भाषेत प्रपंच सांभाळणं. दुसऱ्या शतकात इरेनियसने निर्मितीपासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी हकीकत या एका शब्दात बांधली. देव जग टाकून देत नाही, बिघडलेलं घर सावरतो, असा त्याचा रोख.

हे सगळं शब्दांचं खेळणं नव्हतं. नगर आणि सोलापूर भागात मिशनचं ऐकणाऱ्यांत महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. ज्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्याला 'देहातून सुटशील' हे सांगणं आणि 'देव तुझा देह उठवील' हे सांगणं, यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात त्या देहाला किंमत आहे. चर्चमध्ये आल्यावर जात संपली असं झालं नाही. तो इतिहासही तेवढाच खरा आहे. पण त्यासाठी मंडळीतल्या एखाद्याने जाब विचारायचा ठरवला, तर त्याला आधार याच शब्दाचा होता.

पुढच्या लेखात याच काळातल्या शाळेच्या पुस्तकांकडे वळू. तिथे पृथ्वी फिरते हे मराठीत सांगतानाही अशीच ओढाताण झालेली दिसते.