स्केट व बीएमएक्स उद्यान, सार्वजनिक

स्केट व बीएमएक्स उद्यान, सार्वजनिक : स्केटबोर्ड म्हणजे चाकांची फळी आणि २० इंची (सु. ५१ सेंमी.) चाकांची बळकट बीएमएक्स सायकल यांवरील कसरतींसाठी बांधलेले क्रीडांगण. काँक्रीटचे खोलगट हौद, वक्र उतार, चौथरे व कठडे ही त्याची प्रमुख अंगे होत.

१९७० नंतर पॉलियुरेथेनच्या चाकांमुळे फळीला पकड आली. कॅलिफोर्नियातील १९७६-७७ च्या अवर्षणात रिकामे पडलेले पोहण्याचे तलाव तरुणांनी खेळासाठी वापरले; पुढील हौदांचा आकार तेथूनच आला. १९७६ साली कार्ल्सबॅड (कॅलिफोर्निया) व पोर्ट ऑरेंज (फ्लॉरिडा) येथे उद्याने निघाली. ती खाजगी असून प्रवेशास शुल्क पडे. अपघातांच्या दाव्यांमुळे विम्याचे हप्ते वाढले आणि १९८० च्या सुमारास बहुतेक उद्याने बंद पडली. नगरपालिकांनाही दाव्यांचीच धास्ती होती. १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने स्केटबोर्डचा समावेश धोकादायक क्रीडांत करून सार्वजनिक संस्थांचे दायित्व मर्यादित केले. ‘धोकादायक’ हा शिक्काच खेळाला उपकारक ठरावा, हे विचित्र खरे. पण त्यानंतर तेथे विनाशुल्क उद्याने झपाट्याने वाढली.

दार खुले झाले, तरी आत कोण खेळणार हे बांधणीवर ठरते. एकच खोल हौद व भोवती अरुंद काठ असला, तर निष्णात खेळाडू हौद व्यापतात आणि नवशिके काठावर उभे राहतात. सायकलीला धाव घेण्यास अधिक अंतर व अधिक त्रिज्येचा वक्र लागतो. तिच्या आसावरील धातूच्या खुंट्यांनी काँक्रीटच्या कडा फुटतात. त्यामुळे अनेक ठिकाणी सायकलींना बंदी तरी असे किंवा वेगळी वेळ तरी. कडांना पोलाद बसविणे व धावमार्ग एकमेकांना छेदणार नाहीत असे आखणे, हा त्यावरील उपाय होय. नवशिक्यांसाठी प्रवेशद्वाराजवळ, वेगवान मार्गांपासून दूर, उथळ अंगण लागते. चाकांच्या खुर्चीसाठी चौथऱ्यापर्यंत पायऱ्यांऐवजी साधारण १:१२ चढ हवा. खुर्चीतील व्यक्ती केवळ प्रेक्षक असते, असे मानण्याचे कारण नाही : अमेरिकन खेळाडू ॲरन फॉदरिंगहॅम याने २००६ साली उतारावरून खुर्चीसह हवेत उलटी कोलांटी घेतली.

मुलींचा प्रश्न अधिक अवघड आहे. नवव्या वर्षानंतर मुली उद्यानांत कमी दिसू लागतात, असे व्हिएन्नात १९९० नंतरच्या दशकातील पाहणीत आढळले. म्हणून मार्गारेटन विभागातील दोन उद्यानांत १९९९ पासून मोकळ्या पटांगणाचे लहान भाग पाडले, पायवाटा व दिवे वाढविले. मुलींची ये-जा वाढली. ती स्केट उद्याने नव्हती. तथापि सलग पटांगणावर एकाच गटाचा ताबा बसतो, हे निरीक्षण येथेही लागू पडते.

भारतात मध्य प्रदेशातील जनवार (जि. पन्ना) या गावी उलरिके राइनहार्ट या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ साली असे उद्यान झाले. शाळेत न जाणाऱ्यास खेळता येणार नाही आणि फळी आधी मुलीला मिळेल, असे नियम तेथे घातले गेले. एरवी परस्परांपासून दूर राहणाऱ्या आदिवासी व यादव कुटुंबांतील मुले तेथे एकत्र खेळू लागली.