अंगावर उरलेली कातडी

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर १६३० सालीं शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, त्याच वर्षीं दख्खन व गुजरात प्रांतांवर भीषण दुष्काळ कोसळला. १६३२ पर्यंत तो टिकला व अगणित माणसें अन्नावांचून मेलीं. अशा दुष्काळाची खूण कातडीवर उमटते. आंतील चरबी व मांस झिजलें, म्हणजे ती हाडांवर लोंबूं लागते. सुकटी झालेल्या बालकाच्या मांड्यांवर अशाच घड्या पडतात आणि त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसतो. तेथें उपाय अन्न हाच. तें काळजीपूर्वक मिळत गेलें, कीं कातडी पुन्हा भरते.

परंतु आज जुन्नर-आंबेगांवांत काय किंवा पुण्या-मुंबईस काय, याच्या उलट प्रश्नही घरांत शिरला आहे. वर्षानुवर्षें वाढलेलें वजन एखादा मनुष्य आहार, व्यायाम किंवा शस्त्रक्रिया यांच्या बळावर तीस-चाळीस किलोंनीं उतरवितो. लोक त्याची वाहवा करतात. पण दंड, मांड्या व ओटीपोट येथें रिकामी कातडी लोंबत राहते. घडीघडींत घाम साचतो, पावसाळ्यांत ती चिघळते, चालतांना घासते. तेव्हां त्याला वाटूं लागतें, कीं आपलेच श्रम कोठें तरी अपुरे पडले.

हा समज खोटा आहे. कातडीच्या मधल्या थरांत दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजेनचे धागे तिला बळकटी देतात, तर इलॅस्टिनचे धागे ताणलेली कातडी मागें ओढून घेतात. फार वर्षें ताण बसल्यावर हे दुसरे धागे तुटतात आणि नवे फारसे निपजत नाहींत. तरुण वयांत कातडी थोडीबहुत आवळते. उतारवय, कडक ऊन व धूम्रपान यांमुळें ती शक्ति घटते. व्यायामानें खालचे स्नायू भरतात, पण जादा कातडी नाहींशी होत नाहीं. आणि मलमांच्या जाहिराती कितीही गोड असल्या, तरी मोठी घडी त्यांनीं मिटत नाहीं. राहतो तो शस्त्राचा मार्ग.

या मार्गाच्या इतिहासांत पुण्याचें स्थान मोठें आहे. कावसजी नांवाचा एक बैलवाला इंग्रजी सैन्याबरोबर असतां, १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आले. पुण्याजवळच्या एका कुंभारानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाचा सांचा कपाळावर पसरून त्यानें तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन डोळ्यांमधला तिचा एक पट्टा जोडलेलाच ठेवला. कातडी वळवून बसविल्यावर, ती नव्या जागीं जिवंत झाली असें दिसेपर्यंत त्यानें तो पट्टा कापला नाहीं. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें छापला गेला आणि तो वाचूनच कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तसाच प्रयोग केला. रक्ताचा ओघ शाबूत असेल तोंवरच हलविलेली कातडी जगते, हें त्या अनाम कुंभाराला पक्कें ठाऊक होतें.

हाच नियम पोटाच्या कातडीलाही लागूं आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें डॉ. हॉवर्ड केली यांनीं १८९९ सालीं एका स्त्रीच्या ओटीपोटावरील सुमारें साडेसात किलोंची लोंबती घडी कापून काढल्याचें नमूद केलें. पुढें १९६६ सालीं आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं जठराचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया केली. तशा शस्त्रक्रियांनीं वजन झपाट्यानें उतरूं लागलें, तसा उरलेल्या कातडीचा प्रश्नही वाढला.

आज शस्त्रवैद्य एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन जादा कातडी काढतात, वरची खालीं ओढून शिवतात व बेंबीसाठीं नवें छिद्र पाडतात. तत्पूर्वीं वजन कांहीं महिने स्थिर असावें, असा त्यांचा आग्रह असतो. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा वर्ष-दीड वर्ष थांबावें लागतें. धूम्रपान आधींच सोडावें लागतें, कारण त्यानें रक्तवाहिन्या आकसतात व कातडीची कड मरूं शकते. जखम चिघळणें, रक्ताची गुठळी होणें हे धोके आहेत, आणि व्रण तर जन्मभर राहतो.

सबब घाई नको आणि लाजही नको. घड्या कोरड्या ठेवाव्या, चिघळल्यास वैद्याला दाखवाव्या, आणि शस्त्र लावावें कीं नाहीं तें ज्याच्या अंगावर ही कातडी आहे त्यानेंच ठरवावें. कित्येक जण ती तशीच बाळगून सुखानें वावरतात. दुष्काळांतली लोंबती कातडी अन्न हिरावलें गेल्याची साक्ष देई. ही कातडी मात्र अंगावरून उतरविलेल्या ओझ्याची साक्ष आहे.